ताईच्या भुवईजवळचा व्रण

दुपारची झोप येतेय की नाही अशा बेतात मी पडले आहे. पडदा ओढलाय. फोन उशाशी पडलाय, तरी अंगठा चादरीवर अजून सरकतोच आहे.

ताईला जाऊन वर्ष होत आलं. डेंगीनं गेली. चिपळूणला तिचं ब्यूटी पार्लर होतं. ती गेल्यावर मी तिच्या अकाउंटवरचे फोटो बघायला लागले. मग त्यांच्या मागून येणारे परक्या बायकांचे फोटो, त्यांची घरं, त्यांच्या सहली. आता दिवस त्यातच जातो. कुणी हाक मारली तर मी वसकन अंगावर जाते. काही कारण नसताना छाती धडधडते. माझा नवरा गिरीश म्हणतो, डॉक्टरांना दाखवू. मी हो म्हणते आणि पुढचा फोटो बघते.

कूस बदलायला हात टेकते, तर तो पार्लरच्या खुर्चीच्या दांड्यावर पडतो. समोर आरसा. मागे ताई, जांभळ्या एप्रनमध्ये.

"सरळ बस गं, चिमे."

आवाज तिचाच आहे. चेहरा मात्र फोटोतला, गुळगुळीत. तिच्या भुवईजवळ कांजिण्यांचा व्रण होता. उजव्या? की डाव्या?

"ताई, तुझा व्रण कुठंय?"

"तूच सांग. रोज तर बघतेस मला."

"फोटोत नाहीये तो."

"फोटोत मीच पुसायचे. गिऱ्हाइकांना बरं दिसावं म्हणून."

मला आठवत नाही. या गोष्टीचं मला वाईट वाटायला हवं, असं मनात येतं.

पार्लर लांबत जातं. खुर्च्यांची रांग संपत नाही. प्रत्येक खुर्चीत एकेक बाई, सगळ्या हसऱ्या. कुणी बोलत नाही. एकीचे गाल हसून हसून थरथरताहेत.

"या कोण?" मी विचारते.

"मला काय माहीत? तूच आणल्यास."

"त्या माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

"बघतील कशा? तुला ओळखतात का त्या?"

पायांखाली फरशी नाही, वाशिष्ठीचं पाणी आहे. आम्ही दोघी नदीच्या पायरीवर बसलोय. बायका नाहीत, आरसाही नाही. ताई माझ्या केसांतला गुंता बोटांनी सोडवतेय. मग वेणी घालायला घेते. प्रत्येक पेड ओढून घट्ट बसवते.

"दुखतंय, ताई."

"दुखणारच. किती दिवसांत कंगवा लावला नाहीस!"

"मागं वळू?"

"वळ की. मी काय नको म्हटलंय?"

मी वळते. डाव्या भुवईच्या टोकाशी, साबुदाण्याएवढा, फिकट. मी त्यावर बोट ठेवते. त्वचा तिथं जराशी खोल आहे.

"डावीकडं होता," मी म्हणते.

"आहेच की," ताई म्हणते आणि पाण्यात पाय सोडते.

जाग येते. पडद्याच्या फटीतून ऊन भिंतीवर आलंय. कपाळाची कातडी मागे ताणल्यासारखी वाटते. दारात गिरीश चहाचा कप घेऊन उभा आहे. दिवसभर घरात आम्ही दोघंच आहोत.

"वेणी छान दिसतेय," तो म्हणतो. "कुणी घातली?"

मी हात मागे नेते. पाठीवर वेणी आहे, घट्ट. बोटांनी पेड चाचपते. चार आहेत. मला तीन पेडांचीच वेणी येते.

"ताईनं," मी म्हणते.

गिरीश कप खाली ठेवतो, जवळ येतो आणि वेणीला हात लावून बघतो.