आमच्या कोचबाईंचा राष्ट्रीय संघ

जगात फुटबॉल खेळणारे देश पुष्कळ असतील, त्यांच्याकडे कपांनी भरलेली कपाटं असतील, पण आमच्या कोचबाईंच्या लेखी पृथ्वीतलावर संघ एकच होता: मॉरिशसचा महिला राष्ट्रीय फुटबॉल संघ. बाकीचे सगळे संघ, या एका संघाशी खेळायला कोणीतरी हवं, म्हणून देवाने निर्माण केलेले. जर्मनीत राहून असलं मत टिकवणं सोपं नाही. इथे शनिवारी दुपारी एरवी हूं की चूं न करणारा शेजारीही गळ्यात क्लबचा मफलर अडकवून गात गात बाहेर पडतो. पण कार्ल्सरूहेच्या ट्राममध्ये कोणी कोचबाईंपाशी पुरुषांच्या फुटबॉलचा विषय काढला, की त्या खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणायच्या, "तो वेगळा खेळ आहे. त्यातलं मला काही कळत नाही."

कोचबाई म्हणजे आमच्या रेवाच्या फुटबॉलच्या कोच. नवऱ्याच्या आणि माझ्या सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांपायी आम्ही पुण्याहून इथे आलो आणि रेवा जरा मोठी झाल्यावर तिला घराजवळच्या फेराइनमध्ये, म्हणजे खेळाच्या मंडळात घातलं. पहिल्याच दिवशी मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडून खणखणीत मराठीत आरोळी आली, "बालिके, चेंडूला भिऊ नकोस! तो तुला खाणार नाही!" मी चमकून बघते तो लाल जर्सी, ट्रॅकपँट, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि तोंडात शिट्टी अशा एक पन्नाशी उलटलेल्या बाई माझ्याच दिशेने धावत येत होत्या. रेवाचं नाव यादीत वाचूनच त्यांनी आम्हाला ओळखलं होतं. त्यांचे पणजोबा कोकणातून मॉरिशसला उसाच्या मळ्यावर गेले आणि तिथेच राहिले. घरात क्रिओल, आरत्या मराठी, आणि उरलेली मराठी शाळेच्या क्रमिक पुस्तकातून शिकलेली. त्यामुळे कोचबाई रागावल्या तरी पुस्तकातल्यासारख्या रागवायच्या. "आपण आळशी आहात," असं त्या माझ्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, आणि ते इतक्या शुद्ध मराठीत आलं की त्याने चक्क "धन्यवाद" म्हटलं. मध्येच "आयो!" हा त्यांच्या बेटावरचा उद्गार यायचा आणि पाठोपाठ जर्मन "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर. रेवा आमच्याशी जर्मनमध्येच बोलते, आम्ही मराठीत काहीही विचारलं तरी. पण कोचबाईंची मराठी मात्र तिला आणि तिच्या संघातल्या सगळ्या जर्मन पोरींना कळायची. एका सोनेरी वेण्यावाल्या मुलीच्या आईने मला एकदा हळूच विचारलं, "गाढवे म्हणजे काय हो?" मी म्हटलं, "लाडाचा शब्द आहे." बाई खूश झाली आणि पुढच्या सामन्यात स्वतःच मुलीला "गाढवे, गाढवे" म्हणून प्रोत्साहन देत होती.

भेटेल त्या माणसाची मैदानावरची जागा ठरवून टाकायची, ही त्यांची दुसरी खोड. व्यवसायाने त्या फिजिओथेरपिस्ट होत्या, त्यामुळे माणसाचा चेहरा बघण्याआधी गुडघे बघायच्या. माझा नवरा गोलरक्षक ठरला, कारण "हे घर सोडून पुढे येणार नाहीत." मला त्यांनी मधल्या फळीत घातलं, "तू धावतेस खूप, पोचत कुठे नाहीस." पुण्याहून माझ्या सासूबाई आल्या तेव्हा मी जरा धास्तावलेच होते. कोचबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, दिवाणखान्यातली सगळ्यात चांगली खुर्ची त्यांनी कशी पटकावली ते पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो आई, आपण सेंटर फॉरवर्ड." सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "हे चांगलं असतं का गं?" मी म्हटलं, "सगळ्यात चांगलं." त्यानंतर परत जाईपर्यंत त्यांना घरात दुसऱ्या कोणाचा सल्ला पटला नाही.

पण खरा सोहळा त्यांच्या संघाचा सामना असेल त्या दिवशी. असा दिवस फार क्वचित यायचा. लहान बेट, चहूकडे समुद्र, दुसऱ्या देशात जायचं तर विमानाशिवाय वाट नाही. त्यामुळे हा संघ खेळण्यापेक्षा खेळण्याची वाट जास्त बघत असे, आणि त्याच्याबरोबर इकडे कोचबाई. सामना ठरला की त्या घर धुऊन काढायच्या, साडी नेसायच्या, साडीवर लाल जर्सी चढवायच्या आणि बाल्कनीत नारळ फोडायच्या. एकदा सामना नेमका रविवारी सकाळी आला. रविवारी इथे रूहेत्साइट, म्हणजे शांततेची वेळ. भिंतीला खिळा मारायचा नाही, काचेच्या बाटल्या टाकायच्या नाहीत. नारळाबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही, पण इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर दुसऱ्याच फटक्याला वर आला. कोचबाईंनी त्याच्या हातावर खोबरं-साखर ठेवली आणि सांगितलं, "आज आमचा सामना आहे." त्याने कोणाचा ते विचारलं, खोबरं चघळत ऐकून घेतलं, आणि सोमवारी जिन्यात भेटल्यावर गंभीरपणे निकाल विचारला. "हरलो," कोचबाई म्हणाल्या, "वारा विरुद्ध होता." वारा नेहमीच विरुद्ध असायचा. सामना बघायचा कशावर, तर त्यांच्या जुन्या मैत्रिणीची भाची मैदानाच्या कडेला उभी राहून फोनवर दाखवायची त्यावर. त्यात निम्मा वेळ गवत आणि उरलेला वेळ भाचीचा अंगठा दिसायचा. तरी कोचबाई त्या अंगठ्याकडे अशा बघायच्या की आम्हीही श्वास रोखून तोच बघत बसायचो. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपल्यावर त्या डोळे मिटून फार वेळ उभ्या राहायच्या. मी एकदा विचारलं, काय मागता एवढं? म्हणाल्या, "बरोबरी. देवाकडे एकदम विजय मागणं बरं दिसत नाही."

त्या नेहमी "आम्ही" म्हणायच्या. आम्ही हरलो, आमचा डावा बचाव कच्चा, आम्हाला पेनल्टी द्यायला हवी होती. त्यामुळे त्या देशासाठी पुष्कळ सामने खेळल्या असणार, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. शेवटी विचारलं ते रेवाने. फेराइनच्या उन्हाळी मेळाव्यात आम्ही लाकडी बाकांवर बसलो होतो, मुलींच्या कागदी ताटल्यांत बटाट्याचं सॅलड होतं, आणि रेवाने जर्मनमध्ये विचारलं, देशासाठी तुम्ही किती गोल केले?

"नुल," कोचबाई म्हणाल्या. म्हणजे शून्य.

"आणि सामने किती खेळलात?"

कोचबाईंनी काटा खाली ठेवला. "तेही नुल."

मुली हसल्या. त्यांना ती गंमत वाटली. कोचबाईही हसल्या, आणि मग माझ्याकडे वळून मराठीत सांगू लागल्या. विशीत असताना त्यांची खरोखरच निवड झाली होती. शेजारच्या बेटावरच्या मुली खेळायला येणार होत्या. कोचबाई उजव्या बचावाला, राखीव नाही, पहिल्या अकरांत. जर्सी मिळाली होती. बूट भावाचे, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. वडील आधी नको म्हणत होते, मग त्यांनीच शेजारीपाजारी सांगून टाकलं. आणि सामन्याच्या तोंडावर वादळ आलं. आमच्याकडे पाऊस येतो तसं त्यांच्याकडे चक्रीवादळ येतं. विमान आलंच नाही, मैदानावर झाडं आडवी झाली, घराचे पत्रे उडाले. "पुढच्या वर्षी खेळू, म्हणाले. पुढच्या वर्षी मी इथे दारासमोरचा बर्फ खरवडत होते."

मधल्या काळात साखर कारखान्यात यंत्र बसवायला एक अबोल जर्मन इंजिनियर आला होता, आणि त्याच्याशी त्यांचं लग्न झालं होतं. तो मला कधी भेटला नाही. आम्ही येण्याआधीच तो गेला. तो गेल्यावर तुम्ही परत का गेला नाहीत, असं मी त्या दिवशी न राहवून विचारलं. त्या म्हणाल्या, "तो इथे आहे ना. त्याच्या कबरीवरची फुलं कोण बदलणार? तो इथे, माझा संघ तिथे. मी कुठेही असले तरी अर्धीच असणार." एवढं बोलून त्यांनी शिट्टी वाजवली आणि सॅलड खाऊन जड झालेल्या पोरींना मैदानाला फेऱ्या मारायला पिटाळलं. आम्हीही इथे पुण्यासाठी झुरतो, पण आमचं पुणं रोज फोनवर येऊन भाजी काय केली ते विचारतं. कोचबाईंचं बेट त्यांना महिनोन् महिने काहीही विचारत नसे.

आणि मग एका वसंतात विचारलं. जुन्या मैत्रिणीचा फोन आला: घरच्या मैदानावर सामना आहे, आणि मध्यंतरात पूर्वीच्या निवडलेल्या मुलींना मैदानावर बोलावणार आहेत. आपल्यालाही. कोचबाईंनी मला कामाच्या वेळात फोन केला. असं त्या कधी करत नसत. "मी खेळले नव्हते, तरी चालेल का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "निवडलेल्या म्हणाले ना? तुमची निवड झाली होती."  पलीकडून एक बारीकसं "गेनाऊ".

मुलींनी त्यांना निरोप द्यायला मैदानावर दोन रांगा केल्या आणि मधून चालत जायला लावलं. हाउसमाइस्टरने कुंड्यांना पाणी घालायचं कबूल केलं. कबरीवरच्या फुलांचं मी घेतलं. ज्या रविवारी सामना होता त्या दिवशी आम्ही घरी सगळे फोन लावून बसलो, पण या खेपेला कोचबाई तिकडे होत्या आणि भाचीला आम्हाला दाखवायचं सुचलं नव्हतं.

त्या परत आल्या तेव्हा मी हाउप्टबानहोफवर, म्हणजे मुख्य स्टेशनवर, घ्यायला गेले. रापल्या होत्या, अंगात तीच लाल जर्सी होती, आणि एरवी बॅग कोणाला उचलू न देणाऱ्या बाईंनी ती मुकाट्याने माझ्या हातात दिली. "हरलो," त्या म्हणाल्या. वाऱ्याचं काही बोलल्या नाहीत. स्टेशनबाहेर ट्रामच्या थांब्यावर आम्ही बाकावर बसलो.

"मैदानावर बोलावलं?" मी विचारलं.

"बोलावलं ना. आम्ही सगळ्या कडेला उभ्या होतो, जाड्या झालेल्या, चष्मे लागलेल्या. लाउडस्पीकरवरून एकेकीचं नाव घ्यायचे, ती पुढे जायची, लोक टाळ्या वाजवायचे. मग एक नाव घेतलं. मीही जोरात टाळ्या वाजवल्या. पण कोणी पुढे जाईना. मला वाटलं, बिचारी आलेली दिसत नाही. मग वाटलं, वारली असेल. आयो, मला वाईट वाटलं गं तिच्याबद्दल."

"मग?" मी विचारलं.

"शेजारणीने कोपर मारलं तेव्हा कळलं. माझंच नाव होतं. माहेरचं, पूर्ण. इथे नवऱ्याला ते जमेना म्हणून त्याने अर्धं केलं, आडनाव त्याचं लागलं, दवाखान्यातही तेच, तुम्हा सगळ्यांची मी कोचबाई. आई गेल्यापासून ते नाव कोणी घेतलंच नव्हतं."

"पण गेलात ना पुढे?"

"गेले की. धावत गेले. पण तोवर त्यांनी पुढचं नाव घेतलं होतं. टाळ्या तिच्यासाठी चालू होत्या." त्या जरा हसल्या. "गवत मात्र छान होतं. बुटातून कळत होतं."

आमची ट्राम आली. दारं उघडली, माणसं उतरली, चढली. कोचबाई उठल्या नाहीत, म्हणून मीही बसून राहिले, आणि ट्राम निघून गेली.

"तू एकदा घेशील ते नाव?" त्यांनी विचारलं, आणि मला ते सांगितलं. वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची या कल्पनेने माझी जीभ अडखळली. मी ते कसंबसं पुटपुटले.

"असं नाही," कोचबाई म्हणाल्या. "मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असं."

मग मी उभी राहिले आणि कार्ल्सरूहे स्टेशनच्या भर चौकात, दुपारच्या उन्हात, पोटातून ओरडून ते नाव घेतलं. सायकलवाली पोरं थांबून बघायला लागली, एका आजोबांच्या हातातला ब्रेडचा पुडा हिंदकळला. कोचबाईंनी कोणाकडेही पाहिलं नाही. त्या बाकावरून उठल्या, जर्सी खाली ओढून नीट केली आणि म्हणाल्या,

"आले!"