किडा आमच्याच दुकानामागचा!

जगात आजवर कोणीही नोंदवलेला नाही असा किडा मी शोधला आणि त्याच आठवड्यात सासऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

आमचं कामशेतला तांदळाचं दुकान आहे. मी लोणावळ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. (सासरी याला 'किडं बघायची नोकरी' म्हणतात.) दुकानामागच्या लाकडांच्या ढिगात मला एक भुंगेरा सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा, तांबड्या पाठीवर काळी चौकडी. नवीन जात! मी तो टाचणीवर लावला आणि खाली चिठ्ठी अडकवली, 'कामशेत, तांदळाच्या दुकानामागे'. नमुन्याखाली नेमकं ठिकाण नसेल, तर शास्त्रात त्याला मेलेल्या माशीइतकीही किंमत नसते.

सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ती चिठ्ठी वाचली. मोठ्यांदा. दोनदा!

"तांदळाच्या दुकानात किडा! हे समद्या जगाला सांगनार तू?"

"दुकानात नाही आबा, मागे. आणि हा तांदूळ खातच नाही. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांना खातो."

"गिऱ्हाईक येवढं ऐकून घेतंय व्हय? किडा म्हनलं की पिशवी उचलून चाललं! भुशी धरण लिही. तितं समदी दुनिया येती, एक किडा काय जड न्हाई."

"नाही लिहिणार!" तेव्हापासून आबांचं माझ्याशी बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी नमुन्याचा फोटो काढायला बसले, तर टाचणीखाली नवी चिठ्ठी. आबांच्या ठसठशीत अक्षरात: 'समोरचं दुकान'.

मी इरेला पेटले. चिठ्ठी पुन्हा लिहिली, नमुन्याच्या पेटीला कुलूप लावलं. पुढे किड्याचं वर्णन शोधपत्रिकेत खऱ्या ठिकाणासकट छापूनही आलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण अंगात शास्त्र संचारलेलं! मी किड्याचा ताटाएवढा फोटो करून दुकानाच्या दारावर लावला. खाली लिहिलं, 'आमच्याकडचा किडा तांदूळ खात नाही.'

पुण्याहून इंद्रायणी तांदूळ न्यायला आलेली गिऱ्हाइकं 'आमच्याकडचा किडा' इथपर्यंत वाचत आणि थेट समोरच्या दुकानात शिरत. आबा तिकडून बाहेर पडणाऱ्या पिशव्या मोजत. मी रविवारी स्वतः गल्ल्यावर बसले. फोटो काढणार नाही म्हणजे नाही!

तेवढ्यात लोहगडवाडीच्या मावशी आल्या. ट्रेकिंगवाल्यांना पिठलं-भाकरी देणारं त्यांचं खोपट आहे. त्यांनी फोटो नीट निरखला.

"ह्यो लाकडातल्या किड्यास्नी खातो म्हनं?"

"हो मावशी!" मी गल्ल्यावरून उठून उभीच राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं!

"माज्या खोपटाचं वासं पार भुसा झाल्यात. पावशेर दे."

"मावशी, अहो, तो सबंध जगात एकच..."

"पुढल्या आठवड्यात या," मागून आबा म्हणाले. "माल येतोय."

मावशी गेल्यावर मी किंचाळले, "आबा! कुठून आणायचे?"

"मंग हुडक की! येवढी शिकलीस कशापायी?"

त्याला महिना झाला. चिठ्ठीवरचं ठिकाण मी बदललेलं नाही, बदलणारही नाही. रोज कॉलेजातून आले की दुकानामागे पदर खोचून लाकडं फोडते. दुसरा किडा अजून सापडलेला नाही. पण बंबाला जळण मुबलक झालंय, आणि माझ्या पीएचडीचा घराला काहीतरी उपयोग आहे, हे आबांनी परवा चारचौघांत कबूल केलं!