प्रकाश आणि ध्वनी

सकाळपासून हॉस्पिटलच्या बाकावर बसून अंग आंबलं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर बाबांच्या हृदयाची रक्तवाहिनी आतून दाखवली. "एकाच नळीतून प्रकाश आणि ध्वनी पाठवतो. प्रकाशात आतलं अस्तर स्पष्ट दिसतं, पण तो खोल जात नाही. ध्वनी खोलवर जातो." भिंतीत चरबीचा जुना थर होता. उद्या स्टेंट घालणार होते.

आमच्या घरात दुखणं कुणी बोलून दाखवत नाही. बाबा छाती चोळत ओवा चघळायचे आणि मी लांबून बघायचे. नुसतं बघणंही फार खोल जात नसावं.

मी खाटेजवळ गेले.

"पित्तच असणार गं," बाबा म्हणाले.

"बाबा, खरंच कुठे दुखतं?" विचारताना माझाच आवाज मला परका वाटला.

त्यांनी माझा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. "इथे. दिवाळीपासून."