हातात धरायची आई

लुकासी गेल्याचं कळलं तेव्हा मी मागच्या पडवीत बांगडे साफ करत होते. त्याच्या मुलीचा, साराचा निरोप होता, ‘बाबा काल झोपेत गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची चेष्टा करत होते.’ हात माशांचे, त्यामुळे फोन धड धरताही येईना. तशीच उठले आणि बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटासमोर जाऊन उभी राहिले. लुकासीने दगडातून घडवलेली माझी आई त्या कपाटात बसली होती, आणि तिच्याबद्दल त्याला दिलेला शब्द मी काही पाळला नव्हता. याला आता दीड महिना झाला.

कॅनडाच्या पार उत्तरेला, जिथे झाड औषधालाही सापडत नाही, अशा एका इनुइट वस्तीत मी चार वर्षं नर्स होते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या मासे विकणाऱ्या बाईची मुलगी तिथे कशी पोचली, ते पुराण वेगळंच आहे. लुकासी तिथला दगड कोरणारा. पहिल्यांदा दवाखान्यात आला तो हात कापून घेऊन. ‘दुखतंय का?’ मी विचारलं. त्याने नुसत्या भुवया उंचावल्या. आपल्याकडे हे ‘काय म्हणालात?’ असं असतं, म्हणून मी पुन्हा विचारलं. पुन्हा भुवया! तिसऱ्यांदा तर मी जवळजवळ ओरडलेच. तेव्हा त्याची बायको हसत म्हणाली, ‘सिस्टर, तीनदा हो म्हणाला की तो!’ तिथे भुवया वर गेल्या की हो, आणि नाक मुरडलं की नाही. एवढ्या दोन गोष्टींवर लुकासीचा अर्धा संसार चालायचा.

तो काम करायचा ते घराबाहेरच्या खोपटात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, कारण दगडाची धूळ घरात नको. ‘तोंडाला मास्क बांध,’ मी दर भेटीत सांगायचे आणि तो इमानदारीत नाक मुरडायचा. आधी कुऱ्हाडीने ओबडधोबड आकार, मग ग्राइंडर, मग कानस, आणि शेवटी पाणी लावून पॉलिश पेपर. पाणी लागलं की करड्या दगडातून काळपट हिरवा रंग वर यायचा. तेवढ्यापुरता तो माझ्याकडे बघायचा, बघितलंस ना, अशा थाटात. पोटासाठी नाचरी अस्वलं करायचा, ती दुकानात लगेच खपत. एकदा रजेवरून परतताना मी त्याला आपल्या भोकाभोकांच्या जांभ्या दगडाचा तुकडा नेऊन दिला. दोन घाव घालून म्हणाला, ‘हा दगड कुणीतरी आधीच खाल्लाय.’ त्याच्या बायकोने तो टाचा घासायला ठेवून घेतला!

तिसऱ्या हिवाळ्यात आई गेली. वादळामुळे पाच दिवस विमान उडालं नाही आणि मी पोचू शकले नाही. दादाने सगळं केलं. मला तिचे पायही शेवटचे धरता आले नाहीत... ते माझ्या मनातून जाईना. शेवटी लुकासीलाच म्हटलं, ‘मला आई करून दे.’ मी फोटो पुढे केला, तो त्याने बघितलाच नाही. विचारलं, ‘ती हातांनी काय करायची?’ मग मी सांगत बसले. एक गुडघा वर, दुसऱ्या पायाखाली विळी, सुरमई कापताना मान अशी जराशी कलती. तो म्हणाला, ‘माझी आईही जमिनीवर बसूनच मासे कापायची.’

महिन्याभराने मूर्ती हातात आली आणि मी हिरमुसलेच. तळहाताएवढी, चेहऱ्याला नाक-डोळे नाहीत, बूड गोल, टेबलावर ठेवली की कलंडणारी. ‘हिला बैठक नाही?’ मी विचारलं. ‘ठेवायला नाही केली,’ तो म्हणाला, ‘धरायला केलीय.’

मी परत आल्यावर दादाने मोठ्या प्रेमाने तिला सिमेंटच्या चौथऱ्यात बसवलं. ‘अगो, आडवी पडते सारखी. आता हलायची नाय.’ वहिनीने कपाटात ठेवून हार घातला. त्यांच्या भक्तीपुढे मी काय बोलणार? पण व्हिडिओवर लुकासीने ते पाहिलं आणि नाक असं काही मुरडलं की मी ओशाळून म्हटलं, ‘काढते, नक्की काढते.’ पुढे दरवर्षी तो विचारायचा आणि मी दरवर्षी तेच सांगायचे.

निरोप आला त्या दिवशी मात्र मी दादासमोर छिन्नी आणून ठेवली. ‘आता कशाला गो? बरी बसलीय ना?’ तो कुरकुरला. मी सगळं सांगितलं. तासभर खपून, जपून हलके ठोके मारत त्याने ती मोकळी केली. बुडाला एक ओरखडा राहिला, तो राहू दे.

तेव्हापासून आई कपाटात नसते. कधी वहिनीच्या मांडीवर, कधी माझ्या उशीशी. परवा संध्याकाळी दादा पायरीवर बसून तिला हातात फिरवत होता. गुडघ्याच्या खोबणीत त्याचा अंगठा बरोबर बसला आणि तिथेच थांबला. मी विचारलं, ‘आईसारखी वाटते का रे?’ माझ्याकडे बघून त्याने फक्त भुवया उंचावल्या.

मी पुन्हा विचारलं नाही.