‘येते’ला इंग्रजी शब्द

पिकलेल्या सीताफळांचा वास आला की मला घाटनांदूरची ती ओसरी आठवते. तिथल्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे आणि एका आजोबांच्या घरी भाड्याने राहायचे. आजी वारल्या होत्या आणि मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला होता. दर रविवारी संध्याकाळी नातीचा व्हिडिओ कॉल यायचा. तिला मराठी येत नव्हतं. थोडा वेळ हात हलवून ती ‘गॉटा गो’ म्हणायची आणि फोन बंद व्हायचा. एकदा आजोबांनी विचारलं, “मॅडम, ती शेवटी काय म्हणती ओ?” मी म्हटलं, “जायचंय म्हणते.” त्यांचा चेहरा उतरला. “आपल्यात जाते न्हाई म्हणत, येते म्हणतेत. इंग्रजीत येते कसं म्हणायचं?” गो, लीव्ह, टेक ऑफ, मला आठवलेल्या प्रत्येक शब्दात नुसतं जाणंच होतं. शेवटी मी त्यांना ‘सी यू’ शिकवलं, म्हणजे पुन्हा भेटू. आठवडाभर ते गोठ्यात, अंगणात तेच घोकत होते. रविवारी नात निघाली तशी ते घाईने म्हणाले, “सी यू!” ती थबकली आणि म्हणाली, “व्हेन?” मी हळूच सांगितलं, “कधी, असं विचारतेय.”  आजोबा म्हणाले, “बापाला विचार म्हणावं.” मी तसं सांगितल्यावर ती हाका मारत आत पळाली. स्क्रीनवर रिकामी खुर्ची तेवढी राहिली. आजोबा त्या खुर्चीकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने तिकडून एका पुरुषाचा हात पुढे आला आणि फोन बंद झाला. आता माझी लेकही लांब असते. तिचा फोन मी कधीच आधी ठेवत नाही.