सोनी, वाळू आणि सुभेदारांची हजेरी

सांगलीत खाऱ्या पाण्याची टाकी पाळणारी माणसं आहेत, हे ऐकूनच लोक चक्रावतात. समुद्र कुठं आणि तुम्ही कुठं! पण आम्ही चौघं आहोत, आणि दर रविवारी सकाळी आमच्यातल्याच रफिकभाईंच्या शोभेच्या माशांच्या दुकानात जमतो. किस्से जमवायचे असं कुणी ठरवलं नव्हतं. चहा येतो, कुणाच्या तरी टाकीत काहीतरी भयंकर झालेलं असतं, आणि ते ऐकता ऐकता बाकीच्यांचा चहा गार होतो. असे गार चहा किती झाले, आता मोजत नाही.

जवळजवळ सगळ्या किश्श्यांचं मूळ एकच. टाकीच्या तळाला वाळू घालायची, की नुसती काच ठेवायची? बाहेरच्याला वाटेल, यात भांडण्यासारखं काय आहे. आमच्यात यावरून दोन महिने अबोला झालेला आहे.

*

सुरुवात माझ्यापासूनच करतो. माझं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून हे सगळे मला डॉक्टर म्हणतात. मी पहिल्यापासून वाळूवाला. रफिकभाईंकडची समुद्री वाळू महाग वाटली, म्हणून कृष्णेच्या काठावरून दोन पिशव्या भरून आणल्या, सात पाण्यानं धुतल्या आणि टाकीत ओतल्या.

टाकीची काच आम्ही चुंबकानं पुसतो. एक तुकडा आत, एक बाहेर. बाहेरचा सरकवला की आतला मागोमाग येतो. मी मजेत फिरवत होतो, तर कर्र असा आवाज आला. बघतो तर आतल्या चुंबकाला काळ्या कणांची दाढी फुटलेली. नदीच्या वाळूत लोखंडाचे कण असतात, हे मला त्या क्षणी कळलं. समोरच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चरे! आणि चष्म्याच्या काचा जपा म्हणून रोज गिऱ्हाइकांना बोलणारा मी!

रफिकभाई मुद्दाम बघायला आले. चऱ्यांवरून बोट फिरवलं. मग शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, आता टाकीलाच नंबर काढा."

*

पोपटशेठ विट्याचे. कोचीत तीस वर्षं सोनं गाळायचं दुकान चालवलं. तिथं समुद्री माशांचा नाद लागला, आणि दुकान मुलाकडं सोपवून परत येताना तो नाद बरोबर घेऊन आले. ते कट्टर मोकळ्या तळाचे. त्यांच्या टाकीत खाली लख्ख काच, वाळूचा कण नाही.

एकदा ते चष्म्यासाठी दुकानात आले होते. मी एका गिऱ्हाइकाच्या सोन्याच्या फ्रेमची दांडी कानशीनं घासत होतो. काम झालं आणि सवयीनं टेबलावर फुंकर मारली. पोपटशेठ असे दचकले, मला वाटलं विंचू चावला.

"डॉक्टर, काय केलंसा हे?"

आणि साठी उलटलेला तो माणूस गुडघ्यावर बसला आणि ओल्या बोटानं फरशी टिपायला लागला. नंतर त्यांनी सांगितलं, त्यांच्या धंद्यात दुकानाची झाडलोटसुद्धा फेकत नाहीत. साठवतात, जाळतात, गाळतात, आणि त्यातून सोनं काढतात. टाकीतला गाळही ते फडक्यातून गाळूनच टाकतात.

"खाली काय पडलंय ते दिसाय पायजे," ते म्हणाले. "आन् खालचं बघितल्याबिगर कवा टाकायचं न्हाई."

*

चौथे सुभेदार. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन सांगलीत घर बांधलं. रोज सकाळी सहाला टाकीपुढं उभं राहून माशांची हजेरी घेतात, तीही नाव घेऊन. त्यांच्या टाकीत तेव्हा वीतभर वाळू होती.

एके दिवशी त्यांना दिसलं, वाळू तळाशी काळी पडलीय. काळं म्हणजे घाण, आणि घाण त्यांना चालत नाही. त्यांनी स्वयंपाकघरातलं उलथनं आणलं आणि वाळू पार खालपासून ढवळली. वाळूखाली कोंडलेला विषारी वायू वर आला आणि घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. सुभेदारांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी फ्रीज उघडला, डझनभर अंडी उचलली आणि नेऊन टाकून दिली. सुभेदारांनी गॅसचा सिलिंडर बंद केला, शेजारच्यांना बाहेर काढलं. वास टाकीतून येतोय हे कळेपर्यंत आत दोन मासे उलटे झाले होते.

मी पोचलो तेव्हा सुभेदार पायरीवर पांढरेफटक होऊन बसले होते. काकू म्हणाल्या, "अंडी गेली, मासं गेलं, उलथनं बी गेलं. आता ह्यास्नीच काढायचं ऱ्हायलंय."

त्या दिवसापासून पोपटशेठ सुभेदारांच्या कानाशी लागले. वाळू काढा. सुभेदार तयार होते, पण काकू नव्हत्या. कारण सोनी.

*

सोनी म्हणजे हळदीसारखा पिवळा, बोटाएवढा मासा. आणला त्याच संध्याकाळी गायब. सुभेदारांनी सोफा हलवला, फ्रीज हलवला, शेजारच्या मांजरावर आळ घेतला. सकाळी काकू टाकीपुढं बसल्या होत्या, तर वाळू हलली आणि आतून पिवळं तोंड वर आलं. काकू किंचाळल्याच. मग रफिकभाईंनी समजावलं, ही जात वाळूत शिरून झोपते, आणि घाबरली तरी वाळूतच शिरते.

तेव्हापासून दिवेलागणीला काकू टाकीपुढं बसायच्या. सोनी वाळूत गेली की "निजली गं बाय" म्हणून उठायच्या. मुलगी सासरी गेल्यापासून त्या घरात एवढं मायेचं बोलणं मी ऐकलं नव्हतं. सुभेदारांना त्यांनी एकच सांगून ठेवलं होतं, "वाळूला हात लावायचा न्हाई."

*

काकूंचं माहेर शिराळ्याचं. नागपंचमीला त्या गेल्या, आणि त्याच दुपारी सुभेदारांनी मोहीम काढली. पोपटशेठ आले, मीही मदतीला गेलो. आधी हजेरी झाली. पाचच्या पाच हजर, सोनी मधोमध पोहत होती. "सोनी वर हाय. चला," सुभेदार म्हणाले. आम्ही मगानं वाळू उपसायला लागलो. पाणी दुधासारखं पांढरं झालं, काही दिसेना. दोन बादल्या भरल्या. वाळू फेकायला पोपटशेठ काही तयार होईनात. त्यांनी बादल्यांत टाकीचंच पाणी घातलं, हवेचा छोटा पंप सोडला आणि गाडीत घालून विट्याला नेल्या.

सकाळी सहाला सुभेदारांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "डॉक्टर, एक कमी हाय."

मी धावत गेलो. पाणी नितळलं होतं, तळ लख्ख होता, सोनी नव्हती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हजेरी घेतली पहिल्यांदा, आणि सोनी घाबरून वाळूत शिरली ती नंतर! आम्हीच तिला मगानं उपसून बादलीत घातलं होतं. पोपटशेठचा फोन लागेना. सुभेदार म्हणाले, "काय उपेग न्हाई, डॉक्टर. एवढ्या वाळूखाली चेंगारली आसंल." सीमेवर राहून आलेला माणूस, तो घड्याळाकडं बघायला लागला. "आन् ही बारा वाजता येतीया."

मग जे करू नये ते आम्ही केलं. रफिकभाईंना उठवून दुकान उघडायला लावलं आणि तसाच पिवळा मासा आणून टाकीत सोडला.

बाराला काकू आल्या. पिशवी हातातच. मोकळ्या तळाकडं बघितलं. सुभेदार घाईघाईनं म्हणाले, "सफाई केली जरा. सोनी बघ कशी मजेत हाय."

काकू वाकून बघत राहिल्या. नवा मासा कोपऱ्यात काचेला तोंड आपटत वाळू शोधत होता. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. पोपटशेठ उतरले आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. पुढच्या सीटवर बादली होती, तिला पट्टा लावलेला होता. ती दोन्ही हातांनी छातीशी धरून ते आत आले. चेहरा नुसता फुललेला. काकू समोर उभ्या आहेत, इकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

"सुभेदार, फोन गाडीतच बंद पडला, म्हणून सोताच आलो. म्हणलं न्हवतं, खालचं बघितल्याबिगर टाकायचं न्हाई? सकाळी वाळू हलली, आन् बघतोय तर तुमची सोनी!"

काकूंनी बादलीत बघितलं. मग टाकीकडं बघितलं. मग सुभेदारांकडं. सुभेदार सावधानमध्ये उभे होते.

काकूंनी बादली हातात घेतली, टाकीजवळ ठेवली आणि आतल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. बाहेर आल्या त्या सुभेदारांची गादी ओढत. ती गुंडाळलेली गादी त्यांनी पोपटशेठच्या पायाशी आणून ठेवली.

"भाऊजी, ही बी गाडीत घाला. ह्यास्नी तळ मोकळा लागतोय."