आबांच्या पाठीची भिंत

पंखा चालू ठेवून भिंत घासू नये, हे खरं तर कुणी सांगायला लागू नये. मला लागलं असतं. बारामतीच्या आमच्या हॉलची खरबरीत भिंत मी पॉलिशपेपरनं घासायला घेतली आणि उकडतंय म्हणून पंखा पाचावर ठेवला. थोड्या वेळानं बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, तेव्हा सोफा, टीव्ही, मी आणि कोपऱ्यात स्टुलावर बसलेले माझे वडील, सगळे एकाच रंगाचे झालो होतो. आबांनी धोतर झटकलं आणि विचारलं, “पिठाची गिरणी टाकलीस काय रं?”

भिंतीवरचं ते टेक्श्चर माझीच हौस. घर बांधलं तेव्हा रंगाच्या दुकानदारानं पुस्तक पुढं केलं, त्यातल्या वाळूवरच्या लाटा मला आवडल्या. बायको म्हणत होती, साधा रंग द्या. पण साधा रंग काय, कुणीही देतं! तेव्हापासून त्या लाटांमध्ये धूळ साचते आणि दर दिवाळीला ती जुना टूथब्रश घेऊन एकेक लाट घासत बसते. यंदा निमगाव केतकीला तिच्या भावानं नवीन घर बांधलं. त्याच्या भिंतीवरून तिनं हात फिरवला, तो नुसता सरकत गेला. परत येताना बारामती येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा बोललेलं परवडतं.

रंगारी इंदापूरला कामात अडकलेला. फोनवर म्हणाला, “घासून लाटा निघत न्हायत्या, सर. वरनं पुट्टी भरावी लागंल. पुढच्या म्हयन्यात बघू.” घासून निघत नाहीत हे एव्हाना आम्हा सगळ्यांच्या नाकातोंडात गेलं होतं. पण पुट्टी भरायला रंगारी कशाला, असं मला वाटलं. मला असं फार वाटतं.

अडचण होती आबांची. सांगवीला मळ्यात ते एकटे राहायचे. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, आता यांना एकटं ठेवायचं नाही. हातापाया पडून त्यांना इकडं आणलं. इथलं त्यांना काहीच पटत नव्हतं. नळाचं पाणी मचूळ, मंडईतली भाजी शिळी, शेजारी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले. रोज सकाळी ते “जातो” म्हणायचे आणि कसेबसे राहायचे. पटली होती ती फक्त ही भिंत. आंघोळ झाली की डोक्याला, पाठीला खोबरेल थापायचं, स्टूल भिंतीला लावायचं आणि डोळे मिटून त्या लाटांवर पाठ घासायची. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. चेहऱ्यावर असं समाधान, की बघणाऱ्याची पाठ खाजावी.

मी पुट्टी भरली. भिंत गुळगुळीत झाली, म्हणजे लांबून. दुसऱ्या दिवशी आबांनी सवयीनं पाठ लावली, घासली आणि थांबले.

“हितं व्हतं ते कुटं गेलं?”

“बुजवलं, आबा. साफसफाईला सोपं पडतं.”

“म्हशीला बी गोठ्यात खांब आसतो. मला तुज्या घरात तेवडी बी सोय न्हाय? मळ्यात बाभळ हाय माजी. मी जातो.”

या वेळी त्यांनी पिशवी भरली. धोतरं घातली, कंदील घातला. गोळ्या तेवढ्या कपाटावरच ठेवल्या. मी समजावलं, बायकोनं समजावलं. ते पिशवीचे बंद आवळत राहिले.

आणि भिंतीनंही तेव्हाच डोकं फिरवायचं ठरवलं. आबांच्या जागी वर्षभराचं खोबरेल मुरलेलं. तिथं पुट्टी काही धरेना. फुगली, सुटली. सोड्याच्या पाण्यानं धुऊन परत भरली, परत सुटली. बाकीची भिंत शहाण्यासारखी वाळलेली. मी दात-ओठ खात पुन्हा भरत होतो, तर आबा पिशवी घेऊन मागं उभे. “स्टँडवर सोडतोस का जाऊ चालत?”

तेवढ्यात परातीएवढा पापुद्रा धप्पकन माझ्या पायावर पडला. मी पुट्टी भरायची पत्ती फेकली आणि त्या भिंतीला जे बोललो, ते वडिलांसमोर बोलायचं नसतं.

आबांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ते पुढं आले, पडलेल्या जागेवरून हात फिरवला. खाली लाटा जशाच्या तशा. पिशवी ठेवली, पायानं स्टूल ओढलं, बसले आणि पाठ लावली. डावीकडून उजवीकडं.

“पोरी,” डोळे मिटूनच ते म्हणाले, “चा टाक.”

बायकोनं चहा टाकायला जाता जाता पिशवी उचलून आत नेली.

आता भिंतीचं रूप असं, की सगळीकडं पांढरी सपाटी आणि मधोमध तेलकट, तपकिरी, खरबरीत ठिगळ. मला बघवेना. आबा झोपल्यावर मी बायकोला म्हणालो, “पाहुणे यायचे असले की तिथं मोठं कॅलेंडर टांगू. दिसायला नको.”

ती आबांच्या उद्याच्या गोळ्या वाटीत काढत होती. मान वर न करता म्हणाली, “असू द्या उघडं. पाहुण्यांना काय पाठ नसते? वाटलं तर घासतील तेही.”